तोल सायकलचा, तोल चित्रफितीचा

ज्या घरात सोळा ते पंचवीस वर्षांचे मूल आहे, त्या घरात आज कॅमेरा आहे. आणि जेथे कॅमेरा आहे तेथे चित्रफीत करण्याची हौसही आहे. कोणी पाककृती चित्रित करतो, कोणी प्रवास, कोणी नृत्य. काही मुलांना सायकलवरच्या कसरतींचे वेड असते. कठड्यावर चढणे, मागच्या चाकावर उड्या घेणे, एका दगडावरून दुसऱ्या दगडावर पाय न टेकता जाणे, या प्रकाराला जगभर ‘ट्रायल्स’ म्हणतात. अशा एखाद्या उडीची अर्ध्या मिनिटाची चित्रफीत करणे फार अवघड राहिलेले नाही. उडी दिसते, पाहणारा क्षणभर थबकतो आणि पुढे जातो. अडचण पुढेच येते. त्याच तरुणाला आठ-दहा मिनिटांची, सलग पाहावी अशी चित्रफीत करावीशी वाटते. तो दहा उड्या एकापुढे एक जोडतो आणि तिसऱ्या उडीनंतर घरची माणसेही नजर दुसरीकडे वळवतात. मग त्याला वाटते, उडी आणखी उंच हवी होती.

हा समज चुकीचा आहे आणि धोक्याचाही आहे. मोठी चित्रफीत उडीच्या उंचीवर तरत नाही, ती नियोजनावर तरते. आणि प्रेक्षकाला धरून ठेवणारे नियोजनच स्वाराच्या हातापायांचेही रक्षण करते. मुलांच्या या छंदाकडे काळजीने किंवा नाराजीने पाहणाऱ्या पालकांनी आणि स्वतः त्या मुलांनीही ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे.

कसोटीचा खेळ

ट्रायल्स म्हणजे कसोटी. मुळात हा मोटारसायकलींचा खेळ. विसाव्या शतकाच्या आरंभी तो ब्रिटनमध्ये रुजला. खडकाळ चढ, ओढे, चिखल यांतून गाडी न्यायची, पण पाय जमिनीला टेकवायचा नाही. टेकला की दंडाचे गुण. वेगाला येथे फारसा मान नाही, मान आहे तो तोलाला आणि संयमाला. पुढे स्पेनच्या कॅटलोनिया भागात हा खेळ मुलांच्या सायकलींवर आला. मोन्तेसा या मोटारसायकल कंपनीशी संबंधित असलेले पेद्रो पी आणि त्यांचा मुलगा ओत पी यांची नावे त्या आरंभकाळाशी जोडलेली आहेत. हा ओत पी पुढे सायकल ट्रायल्सचा जगज्जेता झाला.

या खेळाची सायकलही वेगळी असते. स्वार सारा वेळ उभाच असल्याने तिला बसण्याची जागा नसते किंवा नावापुरती असते. स्पर्धेच्या सायकलींची चाके २० किंवा २६ इंचांची असतात. रस्त्यावरच्या कसरतींसाठी २४ इंचांची चाकेही वापरतात. गिअर हलका असतो. ब्रेक असा, की एका बोटाच्या दाबाने चाक जागीच थांबावे. टायरमधली हवा मुद्दाम कमी ठेवतात, म्हणजे रबर दगडाला धरून राहते.

सामान्य प्रेक्षकाला या खेळातील अवघड काय आणि सोपे काय हे कळत नाही, ही चित्रफीत करणाऱ्याची पहिली अडचण. अरुंद कठड्यावर सायकल स्थिर उभी ठेवणे फार अवघड, पण पडद्यावर ते अगदी शांत दिसते. उलट उंच ओट्यावरून खाली उडी टाकणे अनुभवी स्वाराला तुलनेने सोपे, आणि तेच पाहणाऱ्याला थरारक वाटते. म्हणून मोठ्या चित्रफितीच्या पहिल्या दोन मिनिटांत प्रेक्षकाला न कंटाळवता हा खेळ शिकवावा लागतो. ज्याला अवघडपणा कळला, तोच पुढची सात मिनिटे श्वास रोखून पाहतो.

एडिंबरामधील साडेपाच मिनिटे

याचे सर्वांत चांगले उदाहरण स्कॉटलंडमधले आहे. डॅनी मॅकॅस्किल हा स्काय बेटावरील डनव्हेगन गावचा तरुण एडिंबरा शहरात सायकलच्या दुकानात दुरुस्तीचे काम करी. फावल्या वेळात तो शहरातील कठडे, पायऱ्या आणि भिंतींवर सराव करी. त्याच्याबरोबर एकाच घरात राहणाऱ्या डेव्ह सोवर्बी या मित्राने कॅमेरा हाती घेतला. कित्येक महिने, वेळ मिळेल तसे आणि हवा साथ देईल तसे दोघे चित्रण करीत राहिले. त्यातून सुमारे साडेपाच मिनिटांची चित्रफीत तयार झाली आणि एप्रिल २००९ मध्ये ती यूट्यूबवर आली. काही दिवसांतच ती लाखो लोकांनी पाहिली. आजवर तिला तीन कोटींहून अधिक वेळा पाहिले गेले आहे. तेवीस वर्षांच्या त्या कारागिराचे आयुष्य तिने बदलून टाकले.

या यशाचे श्रेय केवळ कौशल्याला देणे अपुरे ठरेल. चित्रफितीचा आरंभ पाहावा. टोकदार गजांच्या लोखंडी कुंपणावरून सायकल नेण्याचा प्रयत्न तो करतो आणि फसतो. पुन्हा करतो आणि पुन्हा फसतो. प्रेक्षकाला एक शब्दही न सांगता तीन गोष्टी कळतात: हे काम किती अवघड आहे, चुकले तर काय होऊ शकते, आणि हा माणूस सहज हार मानणारा नाही. मग जेव्हा सायकल त्या कुंपणावरून खरोखर पार जाते, तेव्हा पाहणाऱ्याचा आनंद हा केवळ कसरतीचा राहत नाही. त्यात सहभाग येतो. अपयश लपवले असते, तर तीच कसरत निम्मीही भावली नसती.

हौशी मंडळींनी येथून आणखी एक धडा घ्यावा. साडेपाच मिनिटांसाठी महिने लागले. एका रविवारी उरकण्याचे हे काम नव्हे.

सूत्र कसे सापडते

लांबी वाढली की चित्रफितीला सूत्र लागते. मॅकॅस्किलच्या पुढच्या चित्रफिती क्रमाने पाहिल्या तर हे स्पष्ट होते. २०१० च्या ‘वे बॅक होम’ मध्ये एडिंबराहून डनव्हेगनला घरी परतण्याचा प्रवास आहे; प्रत्येक कसरत ही त्या वाटेवरचे एक ठिकाण होते. २०१३ च्या ‘इमॅजिनेट’ मध्ये लहानपणीच्या खेळण्यांचे अवाढव्य जग उभारलेले आहे आणि त्यात सायकल फिरते. २०१४ च्या ‘एपेक्युएन’ चे चित्रण अर्जेंटिनातील त्या नावाच्या ओसाड गावात झाले. १९८५ मध्ये सरोवराच्या खाऱ्या पाण्याखाली गेलेले आणि पुढे पाणी ओसरल्यावर पुन्हा उघडे पडलेले ते गाव, हेच तेथे सूत्र. त्याच वर्षीच्या ‘द रिज’ मध्ये स्काय बेटावरील कुइलिन पर्वताची कडा आहे. २०१९ मध्ये त्याने सायकलमागे लहान मुलीची गाडी जोडून दिवसभराच्या फेरफटक्याची चित्रफीत केली. धोक्याच्या दृश्यांत मुलीच्या जागी बाहुली होती. मुलीच्या हसण्यामुळे साध्या वळणालाही रंगत आली.

या चित्रफितींपाठीमागे मोठे चमू आणि मोठा खर्च होता, हे खरे. परंतु परतीचा प्रवास, बालपण, ओसाड गाव, लहान मूल या कल्पनांना पैसे पडत नाहीत. हौशी स्वाराला हेच भांडवल मोकळे आहे.

आपल्याकडचे एक उदाहरण कल्पनेने घेऊ. एखाद्या तालुक्याच्या गावी वडिलांचे दुकान बाजारपेठेत आहे आणि घर गावाच्या टोकाला. वडील सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. एके दिवशी डबा घरीच राहतो. मुलाने तो सायकलवरून पोहोचवायचा, सूर्य मावळण्यापूर्वी, आणि वाटेत पाय एकदाही जमिनीला टेकवायचा नाही. टेकला तर मागच्या वळणापासून पुन्हा सुरुवात. एवढ्या एका कल्पनेत मोठ्या चित्रफितीला लागणारे सारे येते. कोठून कोठे जायचे ते ठरलेले आहे. नियम एका वाक्यात सांगता येतो. मावळता सूर्य हे घड्याळ आहे. डब्यातले वरण सांडेल की काय ही धाकधूक आहे. आणि शेवटी डबा उघडतो तेव्हा उत्तरही आहे. पाहणाऱ्या आजीला सायकलीतले काही कळत नसले, तरी डबा वेळेवर पोहोचला पाहिजे हे तिला पहिल्याच मिनिटाला कळते.

कागदावरचा ताळेबंद

सूत्र ठरले की वही उघडावी. नऊ मिनिटांची चित्रफीत म्हणजे ५४० सेकंद. या भांडवलाचा हिशेब आधी मांडलेला बरा. पहिली ३० सेकंदे आई डबा भरते, घड्याळ दिसते, नियम कळतो. पुढचे दीड मिनिट सोप्या कसरतींचे: अंगणातील फरशी, दोन पायऱ्या, विटांची रास. येथे प्रेक्षकाला खेळ समजतो. त्यानंतर दोन मिनिटे मध्यम अवघड प्रकार, आणि त्यांतच पहिला पाय टेकणे. मग एक मिनिट विसावा: शेजारच्या आजोबांशी चार शब्द, एक घोट पाणी, मावळतीकडे एक नजर. हे मिनिट वाया गेले असे कोणी समजू नये. डोळ्याला विश्रांती मिळाली नाही, तर पुढचे अवघड दृश्यही त्याला सपाट वाटते. त्यानंतरची अडीच मिनिटे सर्वांत अवघड अशा दोनच कसरतींना द्यावीत, फसलेल्या प्रयत्नांसह. मग एक मिनिट वेगाने, लहान लहान दृश्यांनी बाजारापर्यंत. शेवटची ३० सेकंदे दुकान, वडील आणि डबा. बेरीज बरोबर ५४०.

यानंतर प्रत्येक दृश्याला वहीत एक ओळ द्यावी आणि तिचे रकाने पाडावेत: दृश्याचा क्रमांक, जागा, कसरत, कॅमेरा कोठे, प्रकाश कोणत्या वेळी, जागेच्या मालकाची परवानगी मिळाली की नाही, धोका किती, आणि जास्तीत जास्त किती प्रयत्न. शेवटचे दोन रकाने भरल्याशिवाय त्या दृश्याचे चित्रण करू नये.

डब्याच्या कथेत प्रकाशाचा प्रश्न महत्त्वाचा आहे. कथेत सूर्य उतरत जातो, म्हणून सावल्याही क्रमाने लांबत गेल्या पाहिजेत. पण संध्याकाळी स्वार थकलेला असतो आणि उजेड भराभर उतरतो. अवघड कसरतीला ती वेळ वाईट. यावर चित्रपटवाल्यांचा जुना उपाय आहे. सकाळच्या कोवळ्या उन्हातील लांब सावल्या पडद्यावर संध्याकाळच्या म्हणून सहज खपतात. अवघड दृश्ये सकाळी, अंग मोकळे झाल्यावर आणि मन ताजे असताना घ्यावीत. संध्याकाळ साध्या दृश्यांसाठी ठेवावी. सदरा, बूट, डबा आणि पिशवी सर्व दिवस तीच असावीत. घरातून दुकानाकडे जाताना स्वार पडद्यावर डावीकडून उजवीकडे जात असेल, तर ती दिशा शेवटपर्यंत पाळावी. नाही तर तो परत घरी चालला आहे असे वाटते.

सात-आठ सकाळी आणि दोन-तीन संध्याकाळी हाती ठेवून हे काम आखले, तर घाई होत नाही.

कॅमेऱ्याची जागा

दोन चांगले फोन आणि एक तिपाई एवढ्या साहित्यात हे काम होते. फोन आडवा धरावा. प्रत्येक कसरत आधी दुरून, सलग, एकाच चित्रात घ्यावी: सायकल येते, थांबते, उडते, टेकते. हे चित्र मध्ये तोडले की प्रेक्षकाचा विश्वास जातो. जवळून घ्यायची चित्रे, जसे ब्रेकवरचे बोट, दगडावर दबलेला टायर, कपाळावरचा घाम, ही नंतर कमी उंचीवर, निवांतपणे घेता येतात. हे तंत्र लक्षात ठेवले तर अवघड उडी केवळ दुसऱ्या कोनासाठी पुन्हा मारावी लागत नाही. येथे कलेची सोय आणि जिवाची सोय एकच आहे.

उंचीचा अंदाज कॅमेऱ्याला सहज देता येत नाही. फार रुंद दाखवणारे भिंग भिंतीची उंची आणि चढाचा तीव्रपणा कमी करून टाकते. शिरस्त्राणावर बसवलेल्या कॅमेऱ्याचाही हाच अनुभव येतो. म्हणून कसरतीपूर्वी स्वाराने त्या भिंतीशेजारी उभे राहावे, हात लावून पाहावे, पट्टीने मोजावे. ती छातीपर्यंत येते हे एकदा दिसले, की पुढे सांगावे लागत नाही. मंदगतीचे चित्रण मिठासारखे वापरावे. नऊ मिनिटांत तीन ठिकाणी ते पुरे. प्रत्येक उडी मंदगतीने दाखवली, तर एकही उडी खास राहत नाही.

कृत, कारित, अनुमोदित

आता या विषयातील सर्वांत गंभीर भाग. जैन आचारविचारात कोणत्याही कृतीचा विचार तीन अंगांनी होतो: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करविलेली आणि अनुमोदन दिलेली. दोषाचा वाटा तिघांकडेही जातो. कॅमेऱ्यासमोरच्या साहसाला हे विवेचन तंतोतंत लागू पडते. उडी स्वार मारतो. पण ‘आणखी एकदा, या वेळी जरा उंच’ असे कॅमेऱ्यामागचा मित्र म्हणतो, तेव्हा ती कारित होते. आणि केवळ पडणे पाहण्यासाठी टाळ्या देणारा प्रेक्षक अनुमोदक होतो. एकटा सराव करताना जो तरुण ‘आज जमत नाही’ म्हणून सायकल ठेवून देतो, तोच कॅमेरा सुरू असताना थांबत नाही. या छंदातील खरा धोका दगडापेक्षा या संकोचात अधिक आहे.

अनुभव असला म्हणून धोका टळत नाही, याची आठवण मार्टिन अॅश्टन या ब्रिटिश स्वाराच्या चरित्रातून राहते. वर्षानुवर्षे प्रात्यक्षिके करणारा, विजेतेपदे मिळवलेला हा स्वार. शर्यतीच्या महागड्या सायकलवर ट्रायल्सच्या कसरती करणारी त्याची ‘रोड बाइक पार्टी’ ही चित्रफीत २०१२ मध्ये गाजली. तिचा दुसरा भाग तयार होत असताना, सप्टेंबर २०१३ मध्ये सिल्व्हरस्टोन येथे एका प्रात्यक्षिकात तो सुमारे तीन मीटर उंचीवरून पडला. पाठीच्या कण्याला इजा होऊन कमरेखालचा भाग लुळा झाला. ती अपुरी चित्रफीत डॅनी मॅकॅस्किल आणि ख्रिस अॅक्रिग या त्याच्या मित्रांनी पूर्ण केली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ती प्रसिद्ध झाली. अॅश्टन पुढे खास बनवलेल्या सायकलवर पुन्हा डोंगरउतारावर गेला, ही त्याच्या जिद्दीची गोष्ट. परंतु तीन मीटर ही उंची फार मोठी नाही, घराच्या एका मजल्याएवढीच, हेही विसरू नये.

म्हणून चित्रणाचे काही नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहावेत आणि सर्वांनी त्यावर सह्या कराव्यात. सरावात दहापैकी आठ वेळा न जमलेली कसरत कॅमेऱ्यासमोर करायची नाही. एका कसरतीला ठरलेल्या प्रयत्नांपलीकडे एकही अधिक प्रयत्न नाही. त्या दिवशी जमले नाही, तर दुसरी तारीख. थांबण्याबाबत शेवटचा शब्द स्वाराचा, आणि ‘आणखी एकदा’ हे शब्द त्याच्याखेरीज कोणी उच्चारायचे नाहीत. चमूतील एका व्यक्तीच्या हाती कॅमेरा असणार नाही. तिने केवळ स्वाराकडे, जागेकडे आणि ये-जा करणाऱ्यांकडे लक्ष द्यायचे. शिरस्त्राण, हातमोजे आणि नडगीचे संरक्षक कवच प्रत्येक दृश्यात, साध्या दृश्यातही. चित्रणापूर्वी ब्रेक, हँडल आणि चाकांचे नट तपासायचे. प्रथमोपचाराची पेटी जवळ आणि जवळच्या रुग्णालयाचा क्रमांक वहीवर. स्वार अठरा वर्षांखालील असेल, तर घरातील एक मोठे माणूस हजर.

या शेवटच्या नियमाकडे पालकांनी बंधन म्हणून पाहू नये. वही सांभाळणे, प्रयत्नांची मोजणी ठेवणे, ‘तीन झाले, आता पुरे’ असे शांतपणे सांगणे, हे काम वडील, काका किंवा आजोबा उत्तम करू शकतात. दारात उभे राहून नको म्हणणाऱ्यापेक्षा वही हाती घेऊन शेजारी उभे राहणाऱ्याचे मुले अधिक ऐकतात.

चाकाखालची जमीन

मुनींच्या आचारात ईर्यासमिती सांगितली आहे: पुढची चार हात भूमी पाहून, जीवजंतू टाळून चालावे. गृहस्थाच्या सायकलला हा नियम जसाच्या तसा लावता येणार नाही. पण त्यामागची दृष्टी लावता येते. टायर जेथे पडणार ती जागा आधी चालत जाऊन पाहावी. दगडाच्या सांदीत मुंग्यांची रांग, गोगलगायी, वाणी किडे असतील तर दुसरा दगड निवडावा. हीच पाहणी स्वाराला सैल दगड, काच आणि ओल दाखवून देते. पावसाळ्यात आपल्याकडच्या दगडांवर शेवाळ धरते; ते निसरडे असते आणि जीवांनी भरलेलेही. चातुर्मासात साधूही विहार थांबवतात. तो काळ वही लिहिण्याला, सायकल दुरुस्तीला आणि कोरड्या अंगणातील सरावाला द्यावा. चित्रण दिवाळीनंतर, आकाश स्वच्छ आणि दगड कोरडे असताना करावे.

काही जागा मुळातच वर्ज्य मानाव्यात. मंदिराच्या पायऱ्या, मानस्तंभाचा चौथरा, समाधी, जुन्या किल्ल्यांचे तट ही कसरतीची जागा नव्हे. संरक्षित स्मारकांना १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याचे संरक्षण आहे. तेथे नुकसान करणे हा गुन्हा आहे. वाहता रस्ताही वर्ज्य. डब्याच्या कथेतील बाजारपेठ सकाळी दुकाने उघडण्यापूर्वी मोकळी असते. तेव्हा गोदामाच्या धक्क्याचा मालक एका विनंतीत हो म्हणतो. ज्यांचे चेहरे चित्रात येतील त्यांना विचारावे, आणि लहान मुले असतील तर त्यांच्या पालकांना.

कात्री आणि अपरिग्रह

चित्रण संपते तेव्हा हाती चार-पाच तासांचे साहित्य असते आणि त्यातील प्रत्येक तुकडा प्राणप्रिय वाटतो. ज्या उडीसाठी तीन सकाळी गेल्या, ती काढून टाकणे जिवावर येते. पण प्रेक्षकाला त्या तीन सकाळींचे देणे नाही. एकाच प्रकारच्या दोन उड्या असतील तर एक ठेवावी. पहिली जोडणी पंधरा मिनिटांची होईल. तिला नऊवर आणणे हेच संकलन. संग्रह सोडण्याची सवय ज्या परंपरेने शिकवली, तिच्यातील तरुणांना हे अवघड वाटू नये.

आरंभी नाव, बोधचिन्ह, आभार यांत वेळ घालवू नये. पहिल्या दहा सेकंदांत डबा दिसला पाहिजे. आवाज जपावा. टायर दगडावर दबल्याचा आवाज, ब्रेकची किंचाळी, स्वाराचा श्वास आणि पाय टेकल्यावरचे त्याचे ‘अरेरे’ यांमुळे चित्र जवळचे होते. सतत वाजणारे संगीत हे सारे झाकून टाकते. संगीत घेतलेच, तर वापराची मुभा असलेले घ्यावे. दुसऱ्याचे गाणे न विचारता वापरणे हे अदत्तादानच आहे, मग ते कितीही सहज उतरवून घेता येत असो. यूट्यूबच्या ध्वनिसंग्रहात मोफत वापराचे पुष्कळ संगीत उपलब्ध आहे.

प्रसिद्धीपूर्वी चित्रफीत तीन माणसांना दाखवावी: एक सायकल जाणणारा, एक न जाणणारा आणि एक घरातील वृद्ध. त्यांना मत विचारू नये. घरचे लोक छानच म्हणतात. त्यांच्याकडे पाहत बसावे. कोणत्या मिनिटाला नजर हलली, कोणी फोन उचलला, कोणी खुर्ची सावरली, तो क्षण वहीत टिपावा. तिघांची नजर एकाच ठिकाणी हलली असेल, तर तेथे कात्री लावावी.

एवढे करून चित्रफीत किती लोक पाहतील, याची खात्री कोणी देऊ शकत नाही. एडिंबराच्या त्या दोघांनाही ती नव्हती. परंतु महिनाभर पहाटे उठणे, परवानग्या मागणे, हिशेब लिहिणे, जमले नाही तेव्हा थांबणे आणि आपल्याच आवडत्या तुकड्यावर कात्री चालवणे, या साऱ्याची जमा पाहणाऱ्यांच्या आकड्यावर अवलंबून नाही. चित्रणाच्या अखेरच्या संध्याकाळी दुकानात डबा उघडला जाईल, वरण जागच्या जागी असेल, आणि सूर्य मावळायला अजून थोडा अवकाश असेल. वडिलांनी त्या वेळी खरोखरच जेवून घ्यावे.